शनिवारची साखर

या, असे जरा जवळ सरका. मागच्या बाकावर बसून गोष्ट ऐकू येत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. जवळ आलात तर एका केकची गोष्ट सांगतो. त्यात एक प्रवचनही आहे. नुसतं बोललेलं प्रवचन ज्यांना पुरतं, त्यांनी खुशाल उठून जावं, राग नाही. अलाबामातल्या आमच्या बेथेल क्रीकच्या न्यू पिस्गा चर्चमध्ये प्रवचन बोलत सुरू होतं आणि गात संपतं. जे गात संपत नाही, त्याला आमच्याकडे सूचना म्हणतात.

तर ओझेला गेन्स. ही पोर जन्माला आली तीच तोंड उघडं ठेवून. तिची आई डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेली, जाताना तिला आपल्या थोरल्या बहिणीच्या पदरात टाकून गेली. थोरली बहीण म्हणजे क्लोतील प्रूइट. लग्न न केलेली, उंच, हाडापेराने रुंद, बोलायला कमी. आठवडाभर गावातल्या एका वकिलाच्या घरची झाडलोट करायची आणि रविवारी चर्चमागचं स्वयंपाकघर सांभाळायची. ओझेलाला प्रार्थनेला बाकावर बसवलं की ती चुळबुळायची, पुढच्या बाईच्या टोपीवरची पिसं उपटायची. शेवटी क्लोतील मावशी तिला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली, आणि पोर जी शांत झाली ती झालीच. तिला कळलं की जगात आपली जागा कुठे आहे.

सात वर्षांची असताना ती डोळे मिटून सांगायची की ही कॉलर्डची पालेभाजी कुणी शिजवली, तळलेली ही कोंबडी कुणाच्या कढईतली, आणि मक्याच्या ब्रेडमध्ये कुणी चोरून साखर घातलीय. बायका पदार्थ घेऊन आल्या की तिच्यापुढे ठेवायला घाबरत.

"ह्या पोरीला म्हणून बघा, देवाचा शब्द घे नाहीतर कोंबडीची तंगडी घे," सिस्टर युलालिया एकदा म्हणाली (आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टर), "देवाला बिचाऱ्याला थांबावं लागेल."

"देव थांबतो गं," क्लोतील मावशी म्हणाली. "कोंबडी गार होते."

ऑगस्टमध्ये आमच्याकडे माहेरचा रविवार असतो. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंडला गेलेली लेकरं त्या दिवशी परत येतात, चर्चबाहेर ओकच्या झाडाखाली लांब टेबलं मांडतात, आणि मग जेवण. त्या जेवणाचा शेवट क्लोतील मावशीच्या कॅरमेल केकने व्हायचा. पिवळा केक चारचौघींना जमतो. पण वरचा तो जाळलेल्या साखरेचा थर! पहिल्यांदा जिभेला गोड लागायचा, मग खाली कुठेतरी खोल, कडूच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जायचा, आणि उंबरा न ओलांडता परत यायचा. डेट्रॉइटची माणसं म्हणायची, आम्ही आईला भेटायला येतो. खरं काय ते आईलाही ठाऊक होतं.

हा थर क्लोतील मावशी घड्याळावर करत नसे. रेव्हरंड स्टॉलवर्थवर करत असे.

आमचे पाळक रेव्हरंड स्टॉलवर्थ प्रवचनाला कुठूनही सुरुवात करोत. नोहाच्या नावेपासून, योनाच्या माशापासून, सिंहाच्या गुहेतल्या दानिएलापासून. शेवटी त्यांची वाट एकाच डोंगरावर यायची, येशूला क्रुसावर चढवलं त्या. बोलता बोलता आवाज ताणला जायचा, मग डुलायचा, मग ऑर्गनवाला बोटं टेकून तो सूर पकडायचा, आणि रेव्हरंड गायला लागायचे. त्यांनी त्याला शुक्रवारी नेलं! इथे एकेक जण उभा राहू लागायचा. आणि इकडे स्वयंपाकघरात, उघड्या खिडकीपाशी, मावशी बिडाच्या तव्यात साखर टाकायची. मग रविवारी भल्या सकाळी तो थडग्यातून उठला, असं रेव्हरंड गर्जले, अख्खं चर्च उठून उभं राहिलं, की ती तव्यात कोमट दूध ओतायची. साखर फसफसून तव्याच्या काठापर्यंत उठायची. छोट्या ओझेलाला वाटायचं, आत आणि बाहेर एकच घडतंय.

"शुक्रवारी चुलीवर, रविवारी दूध," मावशी म्हणायची. विचारणाऱ्याला तिच्याकडे एवढीच कृती मिळायची.

आता एक बोच सांगितली पाहिजे. एका माहेरच्या रविवारी जेवणाआधी रेव्हरंडनी स्वयंपाकघरातल्यांचे आभार मानले. मोठ्या मनाचा माणूस, पण त्या दिवशी अंगात हसू भरलेलं. म्हणाले, "येशू दोघी बहिणींच्या घरी गेला. मेरी त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि मार्था भांडी घासत राहिली. बंधूंनो, आपल्याकडे मेरी पुष्कळ आहेत, पण मार्था एकच. सिस्टर क्लोतील! तीस वर्षांत माझं एक प्रवचन ऐकलं असेल तर शपथ, पण केक मात्र एकही चुकवला नाही!"

सगळे खदखदून हसले. क्लोतील मावशी केक घेऊन दारात उभी होती. तीही हसली. पण ओझेला तिच्या कोपराशी होती, आणि तिने पाहिलं की मावशीच्या हातातली ताटली किंचित कलली. त्याच येशूने मार्थेला काय म्हटलं होतं, ते तिथे प्रत्येकाला पाठ होतं. चांगला वाटा मेरीने निवडलाय.

 घरी जाताना मावशी त्यावर एवढंच म्हणाली, "ऐकणारा कुठे बसलाय, ते देव बघत नाही, पोरी."

वकिलाच्या घरून मावशी जुनी मासिकं आणायची. ओझेला इतर मुली कादंबऱ्या वाचतात तशी त्यातली पाककृतींची पानं वाचायची, पोटावर पालथी पडून, ओठ हलवत. प्रत्येक पदार्थाखाली ठळक अक्षरात एका बाईचं नाव असायचं.

"मावशी, ह्यात तुझा केक का नाही?"

"ते नाव असलेल्या बायकांसाठी आहे."

"तुला आहे की नाव."

"माझं नाव हाक मारायला आहे, बाळ. छापायला नाही."

आणि तसंच होतं. चर्चला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक सुबक पुस्तक निघालं. त्यात गायकवृंदातल्या प्रत्येक बाईचं नाव होतं, दारात हातपंखे वाटणाऱ्या पोरींचंसुद्धा होतं. स्वयंपाकघरापुढे फक्त दोन शब्द होते : भोजन समिती.

ओझेला त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. तिने मनाशी काय ठरवलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण पुढे कॉलेजात ती गृहविज्ञान शिकली, शाळेत शिकवू लागली, सुट्टीत वर्तमानपत्रांना लोणच्या-मुरांब्यांवर लेख पाठवू लागली, आणि शेवटी आमच्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या मासिकाच्या चाचणी-स्वयंपाकघरात लागली, जिथे पाककृती छापण्याआधी करून बघतात. त्या दारातून आत आलेली आपल्या काळ्या रंगाची ती पहिलीच बाई, पण त्याचा गाजावाजा तिने केला नाही. तिला आत काय शिजतंय त्याचा वास आला होता, आणि ती वासामागे गेली, इतकंच.

मासिकाचं जग उलटं असतं. डिसेंबरच्या अंकाचं ऐन उन्हाळ्यात शिजवायचं, आणि कलिंगडाचं सरबत शेकोटीशी बसून लिहायचं. ओझेलाला त्याची मजा वाटायची. दिवसभर चाखायचं, आणि वर त्याचा पगार! बेथेल क्रीकच्या बायका म्हणाल्या, "बघा, पोरीनं तोंड कधी मिटलं नाही, देवानं त्यातच भाकरी घातली." वर्षं गेली. ती लिहू लागली तसं लोक वाचू लागले, कारण ती कोबीवर लिहायची तरी कोबी कुणाच्या परसातला होता ते सांगायची. आणि एका उन्हाळ्यात चाचणी-स्वयंपाकघराच्या मुख्य मिसेस ड्रेनन तिला म्हणाल्या, "गेन्स, डिसेंबरचं केकचं पान तुझं. पदार्थ तुझ्या पसंतीचा. खाली नाव ज्या बाईचा पदार्थ तिचं."

ओझेलाने त्याच दुपारी मावशीला फोन लावला.

मावशी आता थकली होती. जन्मभर साखर उकळली, आणि शेवटी साखरेच्या आजारानेच तिचे डोळे नेले. उजेड-अंधार कळायचा, बाकी धूसर. रेव्हरंड स्टॉलवर्थ निवृत्त झाले त्याच सुमारास तिने केक करणं सोडलं होतं. लोकांना वाटलं, डोळ्यांमुळे.

तुझा केक डिसेंबरच्या पानावर तुझ्या नावाने छापायचाय, असं सांगितलं. मग मावशी म्हणाली, "आडनावासकट?"

"आडनावासकट. मिस क्लोतील प्रूइट. ठळक अक्षरात."

"बघू," मावशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सिस्टर युलालियाचा ओझेलाला फोन आला : "काय गं, काय सांगितलंस तिला? कालपासून गुणगुणतेय. शेजारणीनं दोनदा विचारलं, कुणाचं लग्न ठरलं म्हणून!"

म्हणजे आता मागे फिरायला वाव नव्हता.

ओझेलाने केक करायला घेतला. आणि तिला जमेना.

केक बिघडला नाही हो. केक सुरेखच होता. पण वरचा थर एकदा फिका गोड झाला, साध्या टॉफीसारखा. एकदा ढवळून ढवळून रवाळ झाला, दातांखाली कचकचला. तिने वेळ तरी कुठून आणली होती? गावी गेली होती तेव्हा न्यू पिस्गाचे नवे पाळक गात होते. तरुण, दमदार, गोड गळा. तिने मनगटावरच्या घड्याळात बघून ठेवलं होतं : शुक्रवार सुरू झाला तो इथे, रविवार उजाडला तो इथे. प्रवचन तेच, डोंगर तोच, मग वेळ बदलेल कशाला, असं तिला वाटलं.

मिसेस ड्रेनन यांनी चष्मा नाकावर सरकवून तिची टिपणं वाचली. "शुक्रवारी चुलीवर, रविवारी दूध. गेन्स, दोन दिवस गॅस जाळला तर मालक मला जाळतील."

"ती फक्त म्हण आहे आमच्याकडची. मी मिनिटं खाली लिहिलीत."

मिसेस ड्रेनन यांनी फिक्या केकचा तुकडा खाल्ला. मग दुसरा घेतला. "चांगला आहे की. छापू या हाच. वाचणाऱ्या बायकांना काय माहीत, तुझ्या मावशीचा कसा होता?"

"तिला माहीत आहे."

"तिला तर दिसतही नाही म्हणालीस."

"म्हणूनच. तिला फक्त चवच उरलीय. हा छापला तर नाव तिचं आणि चव माझी. चुकीच्या केकखाली नाव घालण्यापेक्षा 'भोजन समिती' बरं."

मिसेस ड्रेनन कडक बाई, पण कानाने तिखट. शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही, आणि तरी कळलं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी पान छापखान्यात जातं. सोमवारी माझ्यापुढे तो केक ठेव. नाही ठेवलास तर एका हॉटेलवाल्यांचा संत्र्याचा गोड पदार्थ ते पान भरायला तयार आहे. मी वाट बघणार नाही. पण बघावीशी वाटेल."

त्या आठवड्याच्या शनिवारी ओझेला केकचा तुकडा पत्र्याच्या डब्यात घालून बेथेल क्रीकला गेली.

मावशीच्या ओसरीवर दोघं बसली होती. मावशी तिच्या झुलत्या खुर्चीत, आणि शेजारी बाकावर रेव्हरंड स्टॉलवर्थ. गळ्याच्या ऑपरेशनने त्यांचा आवाज गेला होता. जो आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा, त्याची आता फुंकर उरली होती. बायको कधीच देवाघरी गेलेली. दर शनिवारी ते काठी टेकत मावशीकडे यायचे, मटार सोलायला बसायचे. एकाला आवाज नाही, दुसरीला डोळे नाहीत. गावातले लोक म्हणायचे, दोघं मिळून एक माणूस पुरा होतो.

"कोण, ओझेला?" मावशी म्हणाली. "पावलं जड झालीत तुझी. चाखायचाच पगार घेतेस वाटतं."

"तू पोसलेली हाडं आहेत ही, मावशी. तोंड उघड."

मावशीने तुकडा जिभेवर ठेवला. खुर्ची झुलायची थांबली. रेव्हरंड मटार सोलायचे थांबले.

"केक छान आहे," मावशी म्हणाली. "लोणी भरपूर. कुणी केला?"

"मी. तुझाच आहे तो."

मावशीने पुन्हा जीभ टाळूवर फिरवली. मग हळूच हसली. "पोरी, ह्याचा येशू शनिवारीच उठला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! घाई केलीस. शुक्रवारवरून उडी मारलीस ती थेट रविवारी. मधला दिवस कुठाय?"

"तू कधी सांगितलाच नाहीस मधला दिवस! शुक्रवारी चुलीवर, रविवारी दूध, एवढंच म्हणायचीस."

"शनिवार काय सांगायचा?" मावशीला खरंच नवल वाटलं. "शनिवार रेव्हरंड घ्यायचे की."

आणि ओझेलाला एकदम आठवलं. शुक्रवार गाऊन झाला की रेव्हरंड थांबायचे. डोकं खाली घालून उभे राहायचे. ऑर्गन गप्प. कुणी 'आमेन' म्हणायचं नाही. नुसता खोल कुठूनतरी एक हुंकार यायचा, थडग्यातून यावा तसा. आजकालचे पाळक ते करत नाहीत. लोकांना जेवायची घाई असते, आणि गप्प उभं राहणं तरुण माणसाला जमत नाही. लहान ओझेलाला ती शांतता इतकी आवडायची की तेवढ्या वेळात ती चूल सोडून खिडकीत चढायची, त्यांना बघायला. म्हणजे साखर जेव्हा साखरेचं काम करत होती, तेव्हा नेमकं तिचं तोंड दुसरीकडे होतं.

रेव्हरंड फुंकरीतून काहीतरी म्हणाले. ऐकू येईना म्हणून ओझेला वाकली. ते म्हणत होते, "केकचं... माझ्या प्रवचनाशी काय?"

त्यांना माहीतच नव्हतं! इतकी वर्षं सबंध चर्चला माहीत, त्यांना नाही. गाणाऱ्याला स्वयंपाकघर दिसत नसतं.

"मावशी तुमच्यावरच साखर करायची, रेव्हरंड," ओझेला म्हणाली. "तुम्ही तिचं घड्याळ."

रेव्हरंड मावशीकडे बघत राहिले. मावशी मटारांच्या टोपल्यात उगाच हात फिरवत राहिली.

"मला दाखव ना, मावशी," ओझेला म्हणाली. "सोमवारी केला नाही तर पान जातं. तुझं नाव जातं."

"कशी दाखवू? रंग दिसत नाही मला. आणि रेव्हरंडना आता गाता येत नाही. म्हणून तर सोडला करायचा." तिने टोपल्यातली एक शेंग उचलली. "डोळे नंतर गेले."

मग रेव्हरंडनी काठी टेकली, उठले, आणि मावशीपुढे हात धरला. फुंकरीने म्हणाले, पण ते ओझेलालाही ऐकू आलं : "सिस्टर क्लोतील. तुम्ही म्हणा."

"मी? मी काय पाळक आहे?"

"पाठ असेल तर म्हणा."

"बाईनं प्रवचन म्हणायचं? न्यू पिस्गाचं छप्पर पडेल."

"आपण तुमच्या स्वयंपाकघरात चाललोय," रेव्हरंड म्हणाले. "तिथलं छप्पर तुमचं आहे."

बिडाचा तवा चुलीवर आला. ओझेलाने साखर मापून घेतली. दुसऱ्या आचेवर दूध आणि लोणी कोमट व्हायला ठेवलं. रेव्हरंड दाराशी खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर. मावशी चुलीशेजारी उभी राहिली, एक हात भिंतीला टेकून, न दिसणारे डोळे खिडकीकडे. सवयीने तिचं तोंड चर्चच्याच दिशेला गेलं.

आणि ती बोलू लागली. आधी नुसतीच बोलली, लाजत, योनाबद्दल, माशाच्या पोटातल्या अंधाराबद्दल. मग शब्द ओढले जाऊ लागले. तिचा आवाज काही गोड नव्हता. दळणाऱ्या जात्यासारखा होता. पण त्यात रेव्हरंड स्टॉलवर्थचं प्रत्येक वळण होतं, जिथे ते श्वास घ्यायचे तिथे श्वास, जिथे ते 'माझ्या देवा' म्हणत पाय आपटायचे तिथे तिची टाच जमिनीवर. त्यांच्या गळ्यातून जे गेलं होतं, ते सगळं इथे सुखरूप ठेवलेलं होतं.

"त्यांनी त्याला," ती म्हणाली, आणि सूर चढला, "त्यांनी त्याला शुक्रवारी नेलं!"

ओझेलाने साखर टाकली.

मावशी डोंगर चढली. लाकडाचं ओझं वाहिलं. सूर्याने तोंड झाकलं, जमीन हादरली, आईने पदर तोंडाशी धरला. साखर कडेने वितळली, मध्ये बेट उरलं, बेटही गेलं. रंग आधी मधासारखा, मग जुन्या तांब्याच्या पेनीसारखा झाला. ओझेला चमचा फिरवत होती. इथेच, याच रंगावर तिने दरवेळी दूध ओतलं होतं. तिचा हात दुधाकडे गेला.

मावशी गप्प झाली.

"हात काढ," ती हळूच म्हणाली. "चमचासुद्धा. शनिवारी कुणी ढवळत नाही. थडग्यातल्याला हात लावायचा नसतो."

"करपेल, मावशी."

"सगळ्यांना तेच वाटलं होतं," मावशी म्हणाली. "त्याच्या आईलासुद्धा."

मग तो हुंकार. खोल, शब्द नसलेला. आणि त्याला जोड म्हणून दाराकडून दुसरा हुंकार आला, फाटका, फुंकरीचा. हुंकाराला गळा फारसा लागत नाही. दोघं मिळून तो शनिवार धरून राहिली. ओझेलाने यावेळी खिडकीकडे बघितलं नाही. तिने तव्यात बघितलं. साखर कुणी न हलवता आपली आपण हलत होती, मधोमध गडद होत होती, रेव्हरंडच्या जुन्या बायबलच्या कातडी पुठ्ठ्यासारखी. धुराचा एक केस वर आला. वास बदलला. गोड वासाखाली दुसरं काहीतरी जागं झालं, आणि तिला तो वास सात वर्षांची असल्यापासून ओळखीचा होता. तिच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही.

मावशीच्या नाकपुड्या हलल्या. तिने मान वर केली.

"रविवारी," ती म्हणाली, "रविवारी भल्या सकाळी..."

"सांगा!" दारातून फुंकर आली.

"भल्या सकाळी, बायका वाटेवर असताना..."

"सांगा, सिस्टर!"

"उठला!"

ओझेलाने दूध ओतलं, आणि साखर उठली. फसफसत, हसत, तव्याच्या काठापर्यंत. मावशी टाळ्या वाजवत होती, "उठला, उठला," आणि ओझेला घोटत होती, त्या टाळ्यांच्या ठेक्यावर, थराची चमक जाईपर्यंत, खांदा भरून येईपर्यंत.

ओझेलाने चमचा मावशीच्या ओठांना लावला.

मावशीने चाखलं. तिने चमचा हाताने चाचपून घेतला, दाराकडे चालत गेली, आणि रेव्हरंडपुढे धरला.

रेव्हरंडनी चाखलं.

"मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुम्ही मार्था," ते म्हणाले.

"म्हटलं होतंत."

"तुम्हाला आठवतं?"

"मला तुमचं सगळंच आठवतं, रेव्हरंड. आत्ताच नाही का ऐकलंत."

"बाकांवर बसलेल्यांपैकी एकालाही एवढं पाठ नाही." त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली. "मेरी स्वयंपाकघरात होती. मी चुकीच्या खोलीत शोधत होतो."

"बरं, बरं," मावशी म्हणाली. "ते मटार राहिलेत अर्धे." पण ती पुन्हा खुर्चीत बसली तेव्हा तिचा हात बाकाच्या बाजूला होता, आणि बराच वेळ तिथेच होता.

सोमवारी मिसेस ड्रेनन यांच्यापुढे केक आला. त्यांनी एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. "हा थर कुठे जाऊन परत येतो गं?" त्यांनी विचारलं. मग टिपणं ओढून घेतली. त्यांत आता लिहिलं होतं : साखर तांब्याच्या रंगाची झाली की चमचा बाहेर काढा. ढवळू नका. झाली असं वाटेल, पण झालेली नसते. जुन्या कातड्याचा रंग आणि धुराचा पहिला केस येईपर्यंत थांबा. ह्याला शनिवार म्हणतात.

"हे शेवटचं वाक्य," मिसेस ड्रेनन म्हणाल्या, "नियमात बसत नाही."

"नाही बसत."

"राहू दे."

डिसेंबरचा अंक हाती आला तसा ओझेला तो घेऊन बेथेल क्रीकला गेली. चूल पेटलेली होती. रेव्हरंड होते, सिस्टर युलालिया होती. ओझेलाने पान उघडून मावशीच्या मांडीवर ठेवलं, तिचं बोट धरलं आणि ठळक अक्षरांवर टेकवलं.

"काय लिहिलंय?"

"मिस क्लोतील प्रूइट, बेथेल क्रीक, अलाबामा."

"आडनावासकट," मावशी म्हणाली. "पुन्हा वाच."

ओझेलाने पुन्हा वाचलं. मग मावशीने अंक रेव्हरंडकडे दिला, आणि त्यांनी त्यांच्या फुंकरीने वाचलं. मग सिस्टर युलालियाने वाचलं, इतक्या मोठ्याने की शेजारीण आली, आणि मग तिलाही वाचायला लावलं. त्या दुपारी त्या घरात दुसरं काही वाचलं गेलं नाही. मावशी खुर्ची झुलवत ऐकत होती, आपण कुणा दुसऱ्याचंच नाव ऐकतोय अशी, आणि ती दुसरी बाई तिला आवडली असावी.

वसंतात क्लोतील मावशी गेली. रेव्हरंडही फार मागे राहिले नाहीत. ओझेला पुढे पुष्कळ लिहीत राहिली, पुष्कळांची नावं ठळक अक्षरात छापत राहिली, आणि नव्या पोरी तिच्याकडे शिकायला आल्या की त्यांना आधी साखरेपुढे उभं करून हात मागे बांधायला सांगायची.

तर बाबांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरी कधी साखर जळायला ठेवाल, ती तांबूस होईल, आणि आता झाली म्हणून हात पुढे जाईल, तेव्हा तेवढा हात मागे घ्या. जरा थांबा. आणि त्या थांबण्यात, खिडकीशी उभं राहून आयुष्यभर देवाचं ऐकणाऱ्या क्लोतील प्रूइटची आठवण काढा. आडनावासकट काढा.